टाकीवरून फोन भरून आणणारा

इंटरनेटचं काय असेल ते मला विचारा! शहरातले तज्ज्ञ नुसती बोटं चालवतात. मी इंटरनेट स्वतःच्या डोक्यावरून वाहिलंय. रोज सकाळी, टोपलीत घालून, पाण्याच्या टाकीच्या शहाण्णव पायऱ्या चढून आणि उतरून. आहे असा दुसरा कुणी? नाही ना? मग ऐका.

त्याचं असं झालं, की आमच्या गावाची एका मोठ्या योजनेत निवड झाली. इंटरनेटचं जाळं गावात आणायचं, गावातला माल मधल्या माणसाशिवाय थेट शहरात विकायचा आणि गरिबी हटवायची. चाळीस घरांना चाळीस फोन मिळाले. सगळे एकाच कंपनीचे, एकाच निळ्या रंगाचे, वाजायचेही एकाच सुरात. गावात शिकलेला आणि बिनकामाचा असा मी एकटाच होतो, म्हणून मला दहा दिवसांचं प्रशिक्षण देऊन सगळ्याचा प्रमुख केलं.

पहिल्याच सभेत मी असं भाषण ठोकलं की विचारू नका. "नेटवर्क म्हणजे काय?" मी टेबलावर मूठ आपटून विचारलं. "नेटवर्क म्हणजे सगळे सगळ्यांना जोडलेले! आता तुझं-माझं संपलं! एकाचं काम ते सगळ्यांचं काम!" टाळ्या पडल्या. शिंप्यानं तर शिट्टी वाजवली. त्या टाळ्या पुढे किती महागात पडणार आहेत याची मला तेव्हा काय कल्पना!

फोन आले, मोबाइलचा मनोराही उभा राहिला. फक्त तो उभा राहिला टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. गावात रेंजचा ठिपकासुद्धा दिसेना. योजनेच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तांत्रिक अडचण आहे. वर कळवलंय." मी हात वर करून गावभर फिरलो आणि शेवटी शोध लावला. रेंज येत होती, पण एकाच जागी, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर.

आता गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रोज टाकीवर कसं चढवणार? पण माझं डोकं म्हणजे डोकं आहे! मी ठरवलं, लोकांनी वर जायचं नाही, फोनांनी जायचं. रोज सकाळी मी घरोघर फिरायचो, चाळीस फोन टोपलीत गोळा करायचो आणि टाकीवर नेऊन अर्धा तास ठेवायचो. आलेले निरोप आत उतरायचे, लोकांनी घरी बोलून ठेवलेले निरोप बाहेर जायचे. मग खाली येऊन ज्याचा त्याला फोन द्यायचा. निरोपही लिहायचे नाहीत, नुसतं हिरवं बटण दाबून बोलायचं. फोनच्या कुलपाचा आकडा सगळ्यांना एकच दिला, एक-दोन-तीन-चार. लक्षात राहायला नको?

गावानं ही पद्धत अशी काही उचलून धरली, की दोन आठवड्यांत लोक म्हणायला लागले, "आज माझा नीट भर हं, काल अर्धाच भरला होतास!"

आता माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळा जीव तिचाच टांगणीला लागला होता. मी लहानपणापासून तिच्याकडेच वाढलो. सासरची थोरली सून म्हणून सगळं गाव तिला थोरलीच म्हणतं. ती वेताच्या टोपल्या विणते. तशा गावातल्या आणखी अकरा बायका विणतात, पण आत्याची टोपली ती आत्याची टोपली. इतकी वर्षं माल जायचा तो एकाच व्यापाऱ्याकडे. तो व्यापारी आत्याला उन्हात दाराबाहेर उभी करायचा, आत बसून सावकाश जेवायचा, मग बाहेर येऊन टोपल्या पायानं उलथ्या-पालथ्या करून बघायचा. पायानं! आत्या घरी येऊन काही बोलायची नाही. नुसती भांडी जोरात घासायची.

आणि अशात शहरातल्या एका दुकानदार बाईंना आत्याच्या टोपल्यांचे फोटो आवडले! तिच्या फोनवरून मीच पाठवले होते. बाईंचा निरोप आला, "तीनशे टोपल्या हव्यात. थोडे प्रश्न आहेत, रोज एकेक विचारीन. शुक्रवारी दुपारपर्यंत नक्की करते. नाही जमलं तर दुसऱ्या गावात सांगीन." आत्यानं तो निरोप अकरा वेळा ऐकला. मग म्हणाली, "हा माल गेला ना रे, तर त्या माणसाच्या दारात मी जन्मात उभी राहायची नाही."

"गेलाच समज!" मी म्हणालो. "माझ्या हातात आहे ना सगळं!"

हेच चुकलं. माझ्या हातात होतं.

सोमवारची गोष्ट. फोन ओळखू यावेत म्हणून मी प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवली होती. योजनेतून आलेला डिंक वाळून दगड झाला होता, म्हणून मी घरच्या पिठाची खळ केली. चाळीसच्या चाळीस फोन गोळा करून झाले आणि शेवटच्या घरी, शेळीवाल्या काकांकडे, मी चहाला बसलो. टोपली ठेवली अंगणात. अंगणात काकांचा बोकड होता. हा बोकड म्हणजे काकांचा जीव की प्राण, पण चारा परवडेना म्हणून त्यांनी तो याच फोनवरून विकायला काढला होता. चहा पिऊन मी बाहेर येतो तर काय, बोकड टोपलीत तोंड घालून शेवटच्या फोनवरची शेवटची चिठ्ठी चाटतोय! खळीसकट सगळी चाळीस घरं त्यानं पोटात घातली होती.

"अरे बाप रे!" काका म्हणाले. "आता रे?"

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी हसलो. "काका, मी डोळे मिटून सांगेन कुणाचा कुठला! रोजची हाताळणी आहे." फोन उघडून बघता आलं असतं, नाही असं नाही. पण प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं, दुसऱ्याचे निरोप बघायचे नाहीत. आणि मी नियमाचा माणूस! मी टाकीवर जाऊन आलो आणि मोठ्या ऐटीत चाळीस घरी चाळीस फोन वाटले. कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सगळे बरोबर गेले! मंगळवारी पुन्हा गोळा केले, पुन्हा वाटले. बुधवारीही तसंच. सगळं कसं सुरळीत!

फक्त आत्या रोज विचारायची, "बाईंचा निरोप नाही का रे आला?"

"शहरातली माणसं, आत्या. कामात असतात."

"रोज विचारीन म्हणाल्या होत्या."

"येईल गं! मी आहे ना!"

गुरुवारी फोन वाटून घरी टेकतोय न टेकतोय तोच शेळीवाले काका दारात हजर. डोळे लाल, मिशा थरथरतायत.

"माझ्या बोकडाचं गिऱ्हाईक मोडलं!" ते ओरडले. "कुणीतरी त्याला सांगितलं की बोकड दार खातो, दोरी खातो आणि मालकाचं ऐकत नाही! कोण आहे तो हरामखोर, नाव सांग!"

"मी आहे," आत्या आतून म्हणाली.

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. "मंगळवारी तुमचा फोन माझ्याकडे आला होता, भाऊजी. त्या गिऱ्हाइकानं विचारलं, बोकड कसा आहे. माणूस एवढा विचारतोय तर उत्तर नको द्यायला? खरं ते सांगितलं. दिसायला राजबिंडा आहे, हेही सांगितलं हो."

"अगं पण आत्या, दुसऱ्याच्या फोनवर उत्तर कशाला द्यायचं?"

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच वेडा.

"तूच म्हणालास ना सभेत," काका म्हणाले, "तुझं-माझं संपलं, एकाचं काम ते सगळ्यांचं? आम्हाला वाटलं, हीच योजना आहे! ज्याच्याकडे जो फोन येईल त्यानं त्याचं उत्तर द्यायचं. सोमवारी थोरलीचा फोन माझ्याकडे आला, त्या शहरातल्या बाईंना मी नाही का उत्तर दिलं?"

आत्या भिंतीला टेकली. "काय विचारलं बाईंनी?"

"विचारलं, टोपल्या मजबूत आहेत का? मी म्हटलं, बाई, माझा बोकड बसला होता एकदा थोरलीच्या टोपलीत. टोपलीला काही झालं नाही."

"बरं केलंत!" मी म्हणालो.

"बोकड मात्र दोन दिवस लंगडत होता. तेही सांगितलं. आणि म्हटलं, चवीलाही बरी असावी, एका बाजूची कड खाल्ली त्यानं."

मी चप्पल न घालताच धावत सुटलो. मंगळवारी आत्याचा फोन कुठे गेला होता ते घरोघर विचारत विचारत शिंप्याकडे पोचलो.

"हो, आला होता की!" शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "बाईंनी विचारलं, सगळ्या एका मापाच्या होतील का. मी म्हटलं, बाई, थोरली मापाच्या बाबतीत बापाचंही ऐकायची नाही. मी तिला टेप भेट दिली होती, तिनं त्या टेपनं सरपणाची मोळी बांधली. ती वितीनं मोजते, आणि वीत तिची एकच आहे, तेव्हा माप एकच येईल! कसं सांगितलं?"

मी कपाळावर हात मारला. बुधवारी फोन होता पेन्शनर मास्तरांकडे. मास्तर आरामखुर्चीत बसले होते.

"त्या बाईंनी विचारलं, किती दिवसांत देणार," मास्तर म्हणाले. "प्रश्न मोघम होता. म्हणून मी आधी त्यांना प्रश्न कसा विचारावा ते समजावलं. मग वेताची वाढ, त्याचे प्रकार, टोपलीचा उगम. एकूण बावीस मिनिटं."

"पण मास्तर, उत्तर दिलंत का? किती दिवस लागणार ते?"

"उत्तर विद्यार्थ्यानं स्वतः शोधायचं असतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आता राहिला गुरुवार. आजचा फोन कुणाकडे? एकोणचाळीस घरं पालथी घातली. एकच घर उरलं आणि ते मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. ते घर होतं धाकटीचं. धाकटी म्हणजे आत्याची जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि सात वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नाहीत! कारण काय, तर कपडे वाळत घालायची एक दोरी. त्या दोरीवरून जे भांडण झालं त्यात शेजारच्या झाडावरचे पक्षीसुद्धा उडून गेले होते.

"काकू," मी दारातूनच म्हणालो, "एक फोन चुकून तुमच्याकडे—"

"आलाय. ऐकलं. बाई विचारतायत, या बाईंवर विश्वास टाकू का, तीनशे टोपल्या वेळेवर देतील का."

"मग? तुम्ही काही बोलला नाहीत ना?"

"बोलले की. जे खरं ते बोलले."

"काकू, जरा तो फोन द्या ना!"

"प्रश्न माझ्याकडे आला, उत्तर माझ्याकडून जाईल," ती म्हणाली. "उद्या सकाळी टोपलीत टाकीन, रोजच्यासारखा." आणि तिनं दार लावून घेतलं.

संपलं! मी तिथेच ओट्यावर बसलो. पण माझ्यासारखा माणूस असा हातपाय गाळून बसत नाही. मी माझा स्वतःचा फोन घेऊन टाकीवर चढलो आणि बाईंच्या नंबरवर खास ठेवणीतल्या भाषेत एक लांबलचक निरोप पाठवला. त्या भाषेला मी स्वतःच दोनदा दाद दिली. त्यात मी सविस्तर खुलासा केला आणि आता सगळं ठीक होणार म्हणून निर्धास्त झालो.

आत्याला सगळं सांगणं भाग होतं. मला वाटलं, ती घर डोक्यावर घेईल. ती उठून आत गेली. नुसती भांडी घासायला बसली. स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासत होती. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी सकाळी धाकटीनं सांगितल्याप्रमाणे फोन टोपलीत टाकला. नुसता टाकला नाही, हात कोपरापर्यंत घालून सगळ्या फोनांत मिसळून दिला. मग मीही नियम बाजूला ठेवला. टाकीच्या पायथ्याशी बसलो आणि एकेक फोन उघडायला लागलो, कारण एकदा वर गेलं की निरोप आपोआप सुटणार होता. त्याआधी तो शोधून पुसून टाकायचा! सव्विसावा फोन उघडला आणि सापडला. बोट पुसायच्या खुणेवर नेलं, तेवढ्यात मागून कुणीतरी मनगट धरलं.

आत्या होती.

"पुसू नकोस. लाव."

"आत्या, कशाला डोक्याला ताप! ती तुझ्याबद्दल काय बोलली असेल ते—"

"भांडेल, पण खोटं बोलायची नाही ती. लाव म्हणते ना!"

मी लावला. धाकटीचा आवाज टाकीखाली घुमला.

"हॅलो. हा फोन माझा नाही. जिचा आहे तिच्याशी मी सात वर्षं बोलत नाही. महाभांडकुदळ बाई आहे. एका दोरीवरून मला काय काय बोलली, ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फोन फेकून द्याल. स्वतःचंच खरं करणारी. हट्टी. तोंडाळ."

"पुसतो!" मी म्हणालो.

"थांब."

फोनमध्ये तिनं घसा खाकरला. मग पुन्हा आवाज आला, जरा खालचा.

"पण तुम्ही टोपल्यांचं विचारलंत. तर टोपल्यांचं सांगते. एक काडी वाकडी गेली तर ती अख्खी टोपली उसवते. मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं. आधी काडी मोडते, मग ती स्वतःलाच शिव्या देते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. उजवा हात दुखतो तिचा. कुणाला सांगत नाही, पण गरम पाण्याचं भांडं कधी उतरवते ते मला कळतं. तीनशे म्हणालात ना? देईल. नाहीच जमलं हातामुळे, तर भिंतीच्या अलीकडे मी आहे. मलाही येतं विणायला. लग्न होऊन आले तेव्हा तिनंच शिकवलं."

निरोप संपला. 

"भांडकुदळ म्हणे!" आत्या म्हणाली. "दोरी माझीच होती." आणि पदरानं खसाखसा डोळे पुसले. मग म्हणाली, "चल वर."

"आत्या, शहाण्णव पायऱ्या आहेत!"

"मग? तुझ्या हातात दिलं की काय होतं ते बघितलं मी."

ती चढली! पुढे आत्या, मागे टोपली डोक्यावर घेऊन मी. दर दहा पायऱ्यांनी ती थांबायची आणि दम खायच्या निमित्तानं धाकटीला एक शिवी द्यायची, पण ती सुद्धा लाडानं दिल्यासारखी. माथ्यावर पोचलो आणि चाळीस फोन एकदम एकाच सुरात वाजायला लागले. धाकटीचा निरोप गेला. आता बाईंच्या उत्तराची वाट बघायची. आत्या टाकीच्या झाकणावर बसली, दोन्ही हातांनी फोन घट्ट धरून. मी कठड्यापाशी उभा राहून नखं खात होतो.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. आणि मग फोन वाजला.

निरोपात बाई हसत होत्या. हसता हसता त्यांना बोलता येईना.

"अहो, दहा वर्षं दुकान चालवतेय मी! ज्याला विचारावं तो म्हणतो, आमचा माल एक नंबर. तुमच्या गावानं मला कड खाल्लेल्या टोपलीपासून सगळं खरं सांगितलं. बावीस मिनिटांचं व्याख्यानसुद्धा मी पूर्ण ऐकलं. आणि आजचा निरोप ऐकून तर... जाऊ दे. तीनशे टोपल्या पक्क्या! आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीनशे. त्या भिंतीपलीकडच्या ताईंनाही सोबत घ्या."

आत्यानं फोन छातीशी धरला. मला इतका आनंद झाला की मी टाकीवरच उडी मारली. टाकी दणाणली! म्हटलं, बघा, अखेर माझ्या नेटवर्कनं करून दाखवलं की नाही! पण निरोप अजून संपला नव्हता.

"फक्त एक सांगून ठेवते," बाई म्हणाल्या. "जरा सावध राहा. काल एका नंबरवरून कुणीतरी मला निरोप पाठवला. मुख्य तांत्रिक प्रमुख की काय म्हणवत होता स्वतःला. म्हणे, या गावातल्या कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवू नये, अधिकृत माहिती फक्त माझ्याकडेच मिळेल! भाषेवरूनच कळलं मला, भामटा असणार. मी तो नंबर ब्लॉक केलाय आणि तक्रारही नोंदवलीय."

आत्या संतापानं लाल झाली. "कोण रे हा मेला? चांगलं चाललेलं बघवत नाही लोकांना!"

"असतात गं असे लोक," मी म्हणालो आणि टोपली डोक्यावर घेऊन भराभर पायऱ्या उतरायला लागलो.